पिशवीवरची तारीख

रक्तदान शिबिर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर येतो मंडप, कर्कश लाऊडस्पीकर, रांगेत मांडलेल्या खाटा, कॉफी, बिस्किटाचा पुडा आणि नाव टाकून लगेच हातात मिळणारं सर्टिफिकेट. संध्याकाळी माईकवरून आकडा जाहीर होतो. मागच्या वर्षी इतक्या पिशव्या, यंदा इतक्या! टाळ्या, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मग पुढच्या वर्षापर्यंत सगळं शांत.

मित्रांनो, मी हे टिंगल म्हणून लिहीत नाही. गेल्या वर्षी गावाकडच्या अशाच एका शिबिरात मीही रक्त दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच. सुईची भीती सॉलिड वाटत होती, पण गट ओ निगेटिव्ह आहे म्हटल्यावर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, तुझ्यासारखे डोनर शोधून सापडत नाहीत." झालं! माझी मान ताठ. सर्टिफिकेट अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेलं आहे. त्या सर्टिफिकेटकडे बघून मला वाईट वाटायला लागलं, ते बरोबर 26 दिवसांनी.

आमचं गाव कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली. शेजारची ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ताईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. अशा वेळी आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं बाळाच्या तांबड्या पेशी फोडायला लागतात, आणि हा त्रास सहसा दुसऱ्या खेपेला होतो. बाळ पहिल्याच दिवशी पिवळं पडलं. निळ्या दिव्याखाली ठेवलं तरी कावीळ वाढतच चालली. डॉक्टर म्हणाले, बाळाचं रक्त बदलावं लागेल. आणि वर एक अट घातली : रक्त ताजं हवं, पाच दिवसांच्या आतलं.

ताईचे वडील, म्हणजे आमचे तात्या, रक्तपेढीत गेले. तिथे ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या होत्या. दोन्ही आमच्याच शिबिरातल्या, 26 दिवसांच्या. तात्यांचा पारा चढला. "आमच्या गावानं एवढं रक्त दिलं, आणि आमच्याच पोराला नाही म्हणता?" तिथला माणूस शांत होता. म्हणाला, "काका, नाही कोण म्हणतंय? मोठ्या माणसाला लागलं तर हीच पिशवी आत्ता देतो. एवढ्याशा बाळाचं अख्खं रक्त बदलायला ही नको."

मला फोन आला. "तुझा गट तोच ना? ये लगेच." मी चप्पल घालून निघालेसुद्धा. तेवढ्यात फोनवर कुणीतरी विचारलं, शेवटचं कधी दिलंस? बाईनं रक्त दिलं की पुढचे 120 दिवस देता येत नाही, पुरुषाला 90 दिवस. माझे 26 झाले होते. गावातले माहितीतले आणखी दोघं ओ निगेटिव्ह. त्यांना फोन केले, तर तेही त्याच दिवशी त्याच मंडपात रक्त देऊन मोकळे झालेले! म्हणजे आमच्या ओळखीतलं सगळं ओ निगेटिव्ह रक्त आम्ही एकाच दिवशी काढून फ्रीजमध्ये ठेवलं होतं, आणि बाहेर देणारं कुणी शिल्लक नव्हतं.

शेवटी रात्री किर्लोस्करवाडीत नोकरीला असलेला एक मुलगा मिळाला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तो जेवायलाही न थांबता गाडीत बसला. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या होऊन पहाटे पिशवी मिळाली. बाळ वाचलं. आता ते भिंतीला धरून चालतं आणि माझे कानातले ओढतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ताजं रक्त मिळालंच नसतं तर जुनी पिशवी धुऊन वापरायची त्यांनी तयारी ठेवली होती.

'धुऊन' हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. रक्त धुतात? आणि धुऊन काढतात तरी काय?

उत्तर आहे पोटॅशियम. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे पोटॅशियम म्हणजे पीरिऑडिक टेबलमधला 'के', एवढीच ओळख. आजोबांना समजावून सांगायला गेले आणि अडखळले. तेच म्हणाले, "अगं, पोटॅशियम म्हणजे पालाश. उसाला टाकतो ते." नत्र, स्फुरद, पालाश! मी चार वर्षं केमिस्ट्री शिकले, पण हा शब्द मला आजोबांकडून कळला. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "पण त्यानं बाळाला काय होणार?" त्यांना जे सांगितलं, तेच इथे सांगते.

आपल्या शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्ताच्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात, ते लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलिमोल असतं. तांबड्या पेशीच्या आत मात्र 100 च्या आसपास. एवढा फरक आपोआप टिकत नाही. त्यासाठी पेशीच्या आवरणात पंप बसवलेले असतात. प्रत्येक फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकायचे आणि पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे, हे त्यांचं काम. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी 1957 मध्ये हा पंप शोधला आणि त्यासाठी त्यांना 1997 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता कुंडलच्या माणसाला पंप काय समजावून सांगायचा! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये आमच्या शेजारच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि तिथल्या पंपांवर इकडच्या पिढ्या वाढल्या. पाणी वर चढवायचं तर मोटर चालू हवी, मोटरला वीज हवी. लाइट गेली आणि फूट व्हॉल्व्ह गळका असला, की चढलेलं पाणी हळूहळू परत विहिरीत. रक्ताच्या पिशवीत अगदी हेच होतं.

पिशवी 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवतात. ठेवावीच लागते, नाहीतर जंतू वाढतील आणि पेशी लवकर मरतील. पण त्या गारठ्यात पेशीचा पंप जवळजवळ थांबतो. गळती मात्र चालूच राहते. पेशींबाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम दिवसाला साधारण 1 मिलिमोलच्या हिशेबानं चढत जातं. पेशी टिकवणारं द्रावण घातलेल्या पिशवीची मुदत 42 दिवस असते. मुदत संपता संपता हा आकडा 50 च्या घरात पोचतो, म्हणजे प्लाझ्माच्या नेहमीच्या पातळीच्या दहापट. काही रुग्णांसाठी पिशवीला आधी किरणोत्सार द्यावा लागतो. तशी पिशवी आणखी जोरात गळते. आणि शरीरात पोटॅशियम एकदम वाढलं तर फटका थेट हृदयाला बसतो. ठोक्यांची लय बिघडते, फार वाढलं तर हृदय थांबतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जुनं रक्त विषच की! मुळीच नाही. इथे घाबरण्याऐवजी जरा हिशेब करू. पिशवीत पेशी जास्त आणि द्रव कमी असतो. त्यामुळे मुदत संपत आलेल्या पिशवीतलं सगळं मोकळं पोटॅशियम एकत्र केलं तरी ते 5 ते 7 मिलिमोल भरतं. मोठ्या माणसाला ही पिशवी दोन-तीन तासांत सावकाश चढवली, तर चांगल्या मूत्रपिंडांना ते पोटॅशियम बाहेर टाकणं जड नाही. शिवाय शरीराच्या उबेत आल्यावर त्या पेशींचे पंप पुन्हा सुरू होतात आणि पोटॅशियम आत ओढायला लागतात.

लहान बाळाला थोडं रक्त द्यायचं असेल तरी हाच हिशेब. किलोमागे 15 मिली रक्त, त्यात द्रव धरा 6 मिली. म्हणजे पोटॅशियम झालं 0.3 मिलिमोल, तेही तीन-चार तासांत. बाळाची रोजची गरजच किलोमागे एक-दोन मिलिमोल असते. त्यामुळे काही बिघडत नाही. कॅनडात कमी दिवसांच्या 377 बाळांवर झालेला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. सात दिवसांच्या आतलं रक्त मिळालेली बाळं आणि नेहमीच्या साठ्यातलं रक्त मिळालेली बाळं, यांच्या तब्येतीत त्यात फरक दिसला नाही. तेव्हा उद्या कुणी नातेवाइकांनी रक्तपेढीच्या काउंटरवर "आम्हाला ताजंच पाहिजे" म्हणून भांडण काढलं, तर त्यांना हा हिशेब सांगा. सगळ्यांना ताजं लागत नाही.

मग ताईच्या बाळाला का लागलं? कारण तिथे मात्रा आणि वेग दोन्ही बदलतात. रक्त बदलताना किलोमागे साधारण 160 मिली रक्त लागतं. बाळ 3 किलोचं असेल तर 480 मिली, म्हणजे त्याच्या अंगात असतं त्याच्या दुप्पट. आणि हे सगळं दोनेक तासांत. नेहमीच्या दहापटीहून जास्त रक्त, तेही कमी वेळात, आणि मूत्रपिंडं अजून कच्ची. बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन करताना हार्ट-लंग मशीन रक्तानं भरावं लागतं, किंवा मोठ्या रक्तस्रावात जाड शिरेतून भराभर रक्त ढकलावं लागतं, तेव्हाही हाच धोका. या थोड्या लोकांसाठी पिशवीवरची तारीख जीवनमरणाची ठरते.

अशा वेळी पोटॅशियम कमी करायचे मार्ग तीन.

पहिला, धुणं. पेशी सलाइनमध्ये मिसळायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायच्या, वरचं पाणी काढून टाकायचं. पोटॅशियम जातं, पण थोड्या पेशीही जातात. वेळ लागतो, यंत्र लागतं, ते चालवणारा तयार माणूस लागतो. आणि धुतलेली पिशवी पुन्हा गळायला लागतेच, शिवाय पिशवी उघडून धुतली तर जंतूंचाही धोका, म्हणून ती 24 तासांत वापरावी लागते.

दुसरा मार्ग फिल्टरचा. पिशवी आणि रुग्ण यांच्यामध्ये एक नळकांडं लावायचं, त्यात रेझिनचे बारीक मणी. हे मणी पोटॅशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. जपानमध्ये असा फिल्टर वापरात आला. हा फंडा आपल्या कृष्णाकाठाला नवीन नाही. पाणी जास्त होऊन जमीन चोपण झाली की शेतकरी जिप्सम टाकतात. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणाला धरतं आणि तिथलं सोडियम सुटून निचऱ्यावाटे निघून जातं. देवघेव तीच, फक्त इथे ती रक्तात. पण या फिल्टरमधून रक्त सावकाश जातं, फिल्टर एकदाच वापरून टाकावा लागतो, आणि प्रत्येक वेळी नवा घ्यायचा म्हणजे खर्च आला.

तिसरा मार्ग सगळ्यात साधा : पोटॅशियम गळायच्या आधीच रक्त वापरायचं. म्हणजे ताजी पिशवी. त्याला यंत्र लागत नाही, फिल्टर लागत नाही. लागतो तो या आठवड्यात रक्त दिलेला माणूस. आणि नेमका तोच आपल्याकडे नसतो, कारण आपण सगळे एकाच दिवशी रक्त देऊन बसलेलो असतो!

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण पिशव्या मोजतो, तारखा मोजत नाही. इन्व्हेंटरी मॅनेजमेंटच्या पेपरात 'फिफो' लिहून आपण मार्क मिळवतो. आधी आलेला माल आधी बाहेर. रक्तपेढ्याही साठा असाच चालवतात, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर जुन्या पिशव्या वाया जातील. पण रोज थोडी थोडी मागणी असलेल्या मालाचा पुरवठा वर्षातून एकदा ट्रकभर केला, तर कुठलं गोडाउन नीट चालेल? उसाला वर्षाचं पाणी एका दिवसात दिलं तर ऊस जगेल का? म्हणून तर पाणीपाळ्या ठरवतात. रक्ताच्या बाबतीत मात्र आपण एका दिवसात पूर आणतो आणि मग मे महिन्याच्या सुट्टीत, दिवाळीत, कॉलेजं बंद असताना, रक्तपेढ्या फोन करत बसतात.

यावर मला दोन उत्तरं ऐकायला मिळाली. एक शिबिर भरवणाऱ्या दादाचं : "जयंती असते, वातावरण असतं, म्हणून पोरं येतात. एरवी कोण येणार?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. मीसुद्धा वातावरण होतं म्हणूनच गेले होते. पण मग ते वातावरण वापरा ना. जयंतीच्या दिवशी सगळ्यांची नावं, गट आणि फोन नंबर लिहून घ्या. त्या दिवशी काहींचंच रक्त घ्या, बाकीच्यांना महिना ठरवून द्या. निगेटिव्ह गटाच्या सगळ्यांना तरी एका दिवशी खाटेवर झोपवू नका. गणित अवघड नाही. 100 जण दर चार महिन्यांनी एकदा देणार असतील तर वर्षाला 300 पिशव्या होतात, महिन्याला 25. दर आठवड्याला गावातून पाच-सहा ताज्या पिशव्या! त्या दिवशी माईकवरून सांगायचा आकडा लहान होईल, हे कबूल. पण 100 माणसं एकदाच आली तर वर्षाच्या 100 पिशव्या, आणि वाटून आली तर 300.

दुसरं उत्तर वर्गातल्या मित्राचं : "हे रक्तपेढीचं काम आहे, आपलं काय?" रक्तपेढी साठवू शकते, तपासू शकते, धुऊ शकते. पण रक्त कारखान्यात बनत नाही, ते देणाऱ्याच्या दंडातूनच येतं. आणि आपलं काम नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या प्रोजेक्टांची यादी बघावी. दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, दरवर्षी अटेंडन्स सिस्टिम! त्यापेक्षा नाव, गट, शेवटची तारीख आणि पुढची तारीख सांगणारा, महिन्याच्या सुरुवातीला "यंदा तुझा नंबर" म्हणून मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम लिहायला किती वेळ लागेल? सबमिशनच्या आदल्या रात्री आपण याहून अवघड कोड लिहिलेत (की छापलेत!). केमिकलवाल्यांना स्वस्त रेझिनचा विचार करायचा असेल तर जरूर करा. पण रक्ताला लागणारी वस्तू डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय आणि परवानगीशिवाय होत नाही, तिला वर्षं लागतात. तारखांची यादी याच सेमिस्टरला होऊ शकते.

कुंडल ही प्रतिसरकारची राजधानी, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलं जातं. 1943 पासूनच्या त्या दिवसांत भूमिगत कार्यकर्त्यांना आमच्या भागातल्या घरांनी जेवू घातलं, लपवलं. क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या जयंतीला आम्ही अभिमानानं भाषणं करतो. पण मला वाटतं, त्या बायकांनी भाकरी वर्षातून एकदा शेकड्यानं थापून ठेवल्या नव्हत्या. ज्या रात्री दारावर थाप पडली, त्या रात्री चूल पेटवली. त्यांच्या नावानं रक्त द्यायचं असेल तर तसं द्यावं, असं मला वाटतं.

असो. बोलणं सोपं असतं, म्हणून माझ्यापुरतं सांगते. माझे 120 दिवस संपले त्या आठवड्यात मी रक्तपेढीत जाऊन आले. मंडप नव्हता, कॉफी होती. गावातल्या दुसऱ्या दोघा ओ निगेटिव्हवाल्यांशी ठरवलंय की तिघांनी एकत्र कधीच द्यायचं नाही, महिना-सव्वा महिन्याचं अंतर ठेवायचं. किर्लोस्करवाडीचा तो मुलगा आता आमच्यात चौथा आहे. चौघांच्या तारखा माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहेत. सध्या तीच आमची 'सिस्टिम'.

आपल्या कॉलेजचं शिबिरही दरवर्षी होतं. यंदा संध्याकाळी आकडा जाहीर होईल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण टाळ्या थांबल्या की कुणीतरी उठून एवढं विचारा : पुढच्या महिन्यात कोण देणार?